कामगार संघटनेच्या प्रतिनिधींसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम कसा तयार करावा : पूर्वतयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

कामगार संघटना आपल्या प्रतिनिधींसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू करतात तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. आधी एखादे संकेतस्थळ किंवा ॲप निवडले जाते, मग जुन्या अभ्यासवर्गातली सादरीकरणे त्यावर चढवली जातात, दोन-तीन ज्येष्ठ नेत्यांची तासाभराची भाषणे चित्रित करून जोडली जातात आणि शेवटी एक चाचणी ठेवली जाते. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात मोजके उरतात. जे शेवटपर्यंत टिकतात त्यांना कायद्याची कलमे सांगता येतात; मात्र एखादा सहकारी कारणे दाखवा नोटीस घेऊन समोर उभा राहिला की तेही पूर्वीप्रमाणेच संघटनेच्या कार्यालयाला फोन लावतात. मग प्रतिनिधींना शिकण्याची आवड नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण दोष प्रतिनिधींच्या आवडीत नसून कामाच्या क्रमात असतो.

पुढील पायऱ्या इथे दिलेल्या क्रमानेच कराव्यात, असा माझा आग्रह आहे. उदाहरण म्हणून सर्वत्र एकच अभ्यासक्रम धरला आहे : नव्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी, सभासदांच्या तक्रारी हाताळण्याविषयीचा, सहा आठवड्यांचा. सुरक्षा प्रतिनिधी किंवा वाटाघाटी समितीचे सदस्य यांच्यासाठी विषय बदलेल, क्रम बदलणार नाही.

पायरी १ : विषय नव्हे, काम ठरवा

‘कामगार कायद्यांची ओळख’ हा विषय आहे. ‘सभासदाला मिळालेली नोटीस वाचून उत्तराची मुदत ओळखणे आणि कोणती कागदपत्रे त्याच दिवशी जमा करायची ते ठरवणे’ हे काम आहे. अभ्यासक्रमाची आखणी दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर झाली पाहिजे.

ही कामे शोधण्यासाठी दोन साधने पुरेशी असतात. पहिले म्हणजे संघटनेच्या कार्यालयातील गेल्या वर्षभराची तक्रारींची नोंदवही. कोणत्या प्रकरणांत उशीर झाला, कोणत्या प्रकरणांत पुरावा हाती लागला नाही, कोणती प्रकरणे प्रतिनिधीच्याच पातळीवर सुटू शकली असती, हे त्यातून दिसते. दुसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष संभाषण. वेगवेगळ्या विभागांतील, जुन्या आणि नव्या अशा आठ-दहा प्रतिनिधींशी बोलावे. त्यांना ‘तुम्हाला कशाचे प्रशिक्षण हवे आहे’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘कायद्याचे’ असेच येते. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात तुमच्याकडे कोण कोण आले आणि तुम्ही काय केलेत’ असे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. अडचण कुठे येते हे या दुसऱ्या प्रश्नातून उलगडते : कायदा माहीत असूनही व्यवस्थापनापुढे बोलताना शब्द सुटत नाहीत, सभासद रागात असेल तर मुद्दा सापडत नाही, किंवा तक्रार एकट्याची आहे की साऱ्या विभागाची हे ठरवता येत नाही.

हाती आलेल्या कामांची मग तीन गटांत विभागणी करावी. काही कामांना सराव लागतो, जसे ऐकणे, नोंद घेणे, बैठकीत मुद्दा मांडणे. काही गोष्टींना सराव नको, खिशात ठेवता येईल असा एक कागद पुरतो, जसे मुदतींचा तक्ता किंवा कोणत्या टप्प्यावर कोणाला कळवायचे याची यादी. आणि काही अडचणी प्रशिक्षणाने सुटणाऱ्याच नसतात. व्यवस्थापन तक्रारीची पोच देत नसेल, तर प्रतिनिधीला अर्ज लिहायला शिकवून काय होणार? तो प्रश्न संघटनेने थेट व्यवस्थापनाकडे न्यायचा आहे. हा तिसरा गट अभ्यासक्रमातून निर्दयपणे बाहेर काढावा आणि कार्यकारिणीकडे लेखी पाठवावा.

तपासणी : तुमच्या उद्दिष्टांच्या यादीत ‘समजून घेणे’, ‘जाणीव होणे’, ‘माहिती असणे’ असे शब्द असतील तर ती वाक्ये पुन्हा लिहा. प्रत्येक उद्दिष्टात दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहता येईल अशी कृती असावी. सहा आठवड्यांसाठी पाच किंवा सहा उद्दिष्टे पुरेत.

पायरी २ : शिकण्याची वेळ आधी मिळवा

ही पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते आणि तिची किंमत सर्वाधिक मोजावी लागते. अभ्यासवर्ग प्रत्यक्ष असतो तेव्हा प्रतिनिधीला कामावरून मोकळीक घ्यावीच लागते. प्रशिक्षण ऑनलाइन झाले की ‘घरी गेल्यावर बघून घ्या’ असे व्यवस्थापन म्हणते आणि संघटनाही नकळत ते मान्य करते. परिणामी पाळी संपल्यावर, घरची कामे आटोपल्यावर, उरलेल्या थकव्यात अभ्यास करण्याची वेळ येते. ज्यांच्यावर घराची जबाबदारी अधिक असते ते आधी गळतात, आणि अनेक ठिकाणी त्यांत महिला प्रतिनिधी अधिक असतात.

यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर आधार उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७४ च्या करार क्रमांक १४० मध्ये भरपगारी शैक्षणिक रजेची तरतूद असून तिच्या हेतूंमध्ये कामगार संघटनाविषयक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच संघटनेचा १९७१ चा करार क्रमांक १३५ कामगार प्रतिनिधींना संरक्षण आणि सुविधा देण्याविषयी आहे, आणि त्याच्या जोडीची शिफारस क्रमांक १४३ प्रशिक्षणवर्गांना हजर राहण्यासाठी वेतनात कपात न होता वेळ मिळावा असे सांगते. करार मान्य केलेल्या देशांनाच तो बंधनकारक असतो आणि शिफारस कोणालाच बंधनकारक नसते, हे लक्षात ठेवून आपल्या देशाने काय मान्य केले आहे, राष्ट्रीय कायदा काय म्हणतो आणि आपल्या आस्थापनेतील करारात काय लिहिले आहे हे तपासावे. जिथे ‘प्रशिक्षणासाठी रजा’ असे शब्द आहेत, तिथे ऑनलाइन प्रशिक्षणही त्यात येते, असे पत्र व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावे.

मागणी नेमक्या आकड्यांत करावी. दर आठवड्याला तीन तास धरले तर सहा आठवड्यांचे अठरा तास होतात. हे तास कोणत्या वारी, कोणत्या पाळीत, कोणत्या खोलीत मिळणार हे पत्रात असावे. ‘कामाच्या सोयीनुसार’ हा शब्दप्रयोग मान्य करू नये, कारण ती सोय प्रत्यक्षात कधीच होत नाही.

इशारा : अभ्यासासाठी कंपनीचा संगणक, कंपनीचा ईमेल किंवा कंपनीचे वाय-फाय वापरावे लागणार असेल, तर त्यावर कोणत्याही सभासदाच्या प्रकरणाची चर्चा करायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. तिथली हालचाल मालकाला पाहता येऊ शकते.

पायरी ३ : शिकणाऱ्यांकडे काय आहे ते मोजा

सर्वेक्षण ऑनलाइन फॉर्मने करू नये. जे आधीच ऑनलाइन सरावलेले आहेत तेच तो फॉर्म भरतात, आणि मग ‘सर्वांकडे चांगले इंटरनेट आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. दहा मिनिटांचा फोन करावा. फोन स्वतःचा आहे की घरातल्यांबरोबर वाटून घेतलेला, डेटा महिन्याच्या कोणत्या आठवड्यात संपतो, कोणत्या भाषेत वाचणे सोपे जाते, दिसण्या-ऐकण्याची काही अडचण आहे का, पाळी कोणती, आणि सलग अर्धा तास शांतपणे कुठे बसता येते, एवढे विचारावे.

डेटाचा हिशेब कागदावर करून पाहावा. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० मेगाबाइट खातो. तेच बोलणे सेकंदाला ६४ किलोबिटच्या ध्वनिफितीत दिले तर तासाला सुमारे २९ मेगाबाइट लागतात. म्हणजे केवळ चेहरा दिसावा म्हणून आपण शिकणाऱ्याकडून पंधरापट डेटा खर्च करवून घेतो. ज्यात काही दाखवायचे आहे तेवढ्यापुरताच व्हिडिओ ठेवावा, बाकी ध्वनिफीत आणि मजकूर द्यावा.

पायरी ४ : आराखडा उलट्या बाजूने रचा

इथे खरे काम सुरू होते. सवयीने आपण आधी मजकूर लिहितो, मग त्यावर प्रश्न काढतो. क्रम उलटा हवा : आधी उद्दिष्ट, मग ते साध्य झाले हे कशावरून कळेल ती कसोटी, मग त्या कसोटीसाठी लागणारा सराव, आणि सर्वांत शेवटी त्या सरावासाठी लागेल तेवढाच मजकूर. या रीतीने गेल्यास मजकूर अपेक्षेपेक्षा बराच कमी लागतो, आणि जो उरतो तो वाचला जातो.

प्रत्येक आठवड्याची रचना सारखी ठेवावी, म्हणजे शिकणाऱ्याला दर वेळी नव्याने वाट शोधावी लागत नाही. सुरुवातीला एक प्रसंग, त्यावर स्वतःचा प्रयत्न, मग मार्गदर्शक मजकूर, गटात चर्चा, आणि कामाच्या ठिकाणी करायची एक कृती. पाचवा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रतिनिधीचे काम पडद्यावर नसते; ते यंत्राशेजारी, विश्रांतीच्या खोलीत, फाटकावर असते. ज्या आठवड्यात प्रतिनिधी आपल्या सहकाऱ्यांशी बोलला नाही, तो आठवडा त्याने सर्व पाठ पूर्ण केले तरी वाया गेला असे मी मानतो. संघटनेची ताकद सभासदांच्या एकमेकांवरच्या विश्वासात असते, आणि एकट्याने पडदा सरकवत शिकणे त्याच्या नेमके विरुद्ध दिशेला नेते. म्हणून सामूहिकता जाणीवपूर्वक आराखड्यात घालावी लागते.

पहिला आठवडा नमुन्यादाखल असा रचता येईल. तीन मिनिटांच्या ध्वनिफितीत एक सभासद बोलतो. आपल्याला महिनाभर जादा कामाच्या पाळ्या मिळाल्या नाहीत, मुकादम मर्जीतल्यांनाच देतो, मागे सुट्टीवरून वाद झाला होता, घराचा हप्ता थकला आहे, आणि शेजारच्या विभागातल्या दोघांचेही असेच झाले आहे, असे सगळे एकात एक मिसळून तो सांगतो. शिकणाऱ्याने ऐकता ऐकता नोंद घ्यायची. नंतर त्याला एक तक्ता मिळतो : कोण, काय, केव्हा, कुठे, साक्षीदार कोण, कोणत्या नियमाचा किंवा कराराचा भंग झाला, आणि सभासदाला नेमके काय हवे आहे. स्वतःची नोंद त्याच्याशी ताडून पाहिली की शेवटचा प्रश्न विचारायचाच राहिला, हे अनेकांच्या लक्षात येते. मग गटातला प्रश्न : ही तक्रार वैयक्तिक आहे की सामूहिक? शेजारच्या दोघांचा उल्लेख कोणी टिपला होता, कोणी नाही, यावरून चर्चा आपोआप पेटते. आणि आठवड्याची कृती अशी : आपल्या विभागातील तीन सहकाऱ्यांना जादा कामाचे वाटप कसे होते ते विचारा, आणि नावे न लिहिता मिळालेली माहिती गटात मांडा.

सुरक्षा प्रतिनिधींच्या अभ्यासक्रमात हेच काम देहनकाशाने करता येते. कागदावर माणसाच्या शरीराची बाह्यरेखा काढायची आणि सहकाऱ्यांना, कामामुळे जिथे दुखते तिथे ठिपका लावायला सांगायचे. प्रत्येक प्रतिनिधी हा कागद आपल्या विभागात फिरवतो आणि त्याचे छायाचित्र गटात ठेवतो. एकाच प्रकारच्या कामावर बसणाऱ्या सर्वांचे ठिपके उजव्या खांद्यावर जमा झाले की ‘माझेच वय झाले’ असे समजणाऱ्याला तो दोष कामाच्या रचनेत असल्याचे दिसते. पुढच्या आठवड्यात उपायांची उतरंड शिकवावी : धोका मुळातून काढून टाकणे, तो काढता येत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग यांत्रिक बंदोबस्त, मग कामाच्या पद्धतीत बदल, आणि अगदी शेवटी हातमोजे-मुखपट्टीसारखी वैयक्तिक साधने. नकाशा आधी झालेला असल्यामुळे ही उतरंड मग पाठ करावी लागत नाही.

इशारा : देहनकाशा ही आरोग्याची माहिती आहे. विभागात दोन-तीनच माणसे असतील तर नाव नसले तरी ओळख पटते. अशा वेळी दोन विभागांचे कागद एकत्र करूनच गटात ठेवा.

तपासणी : आराखड्याच्या कागदावरील प्रत्येक पाठाजवळ बोट ठेवून विचारा, ‘हा काढला तर कोणते उद्दिष्ट अडेल?’ उत्तर नसेल तर पाठ काढा. संघटनेच्या स्थापनेचा इतिहास, पदाधिकाऱ्यांचे शुभेच्छा संदेश आणि कायद्यांची संपूर्ण यादी बहुधा याच वेळी गळतात.

पायरी ५ : मजकूर लिहा

एका पाठाला एकच लेखक आणि एकच तपासनीस असावा. पाठ बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत लिहावा, पण कायद्याचा जो शब्द प्रतिनिधीला नोटिशीत दिसणार आहे तो बदलू नये. तो वापरून लगेच पुढच्या वाक्यात सोपा करून सांगावा. कायदेशीर मजकूर संघटनेच्या वकिलांकडून तपासून घ्यावा, मात्र भाषा पुन्हा जड होऊ देऊ नये. वकिलांना ‘हे चूक आहे का’ एवढेच विचारावे, ‘हे कसे लिहू’ असे विचारू नये.

प्रश्न लिहिण्यात सर्वाधिक चुका होतात. ‘अमुक कायदा कोणत्या वर्षी आला’ या प्रश्नाचा प्रतिनिधीच्या कामाशी काही संबंध नाही. प्रसंगावर आधारित प्रश्न लिहावेत आणि चुकीचे पर्याय प्रतिनिधी खरोखर करतात त्या चुकांवरून घ्यावेत. उदाहरणार्थ, पाळी सुटताना एक सभासद येऊन म्हणतो, ‘साहेबांनी मला सगळ्यांसमोर शिवी दिली, आत्ताच्या आत्ता चला आणि जाब विचारा.’ प्रतिनिधीने काय करावे? लगेच साहेबांकडे जावे. अर्ज लिहून आणायला सांगावे. बाजूला घेऊन ऐकावे आणि नोंद करावी. की संघटनेच्या ग्रुपवर सर्वांना कळवावे?

आता प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र उत्तर लिहिणे आवश्यक आहे. केवळ ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ म्हणून थांबणे म्हणजे शिकवण्याची संधी सोडणे. लगेच जाणाऱ्याला सांगावे की तुमच्याकडे अजून वेळ, जागा, साक्षीदार काहीच नाही, त्यामुळे बैठकीत साहेबांचीच बाजू नोंदली जाईल. अर्ज मागणाऱ्याला सांगावे की लिहिण्याची सवय नसलेला माणूस बहुधा परत येत नाही, आणि तोपर्यंत साक्षीदारही पांगतात. ग्रुपवर टाकणाऱ्याला सांगावे की एकदा बाहेर गेलेले नाव मागे घेता येत नाही, आणि सभासदाची संमती तुम्ही घेतलीच नव्हती. बाजूला घेऊन ऐकणाऱ्यालाही पुढचे पाऊल द्यावे : सभासदाला माफी हवी आहे, बदली हवी आहे की लेखी तक्रार करायची आहे, हे विचारलेत का? एक बारीक सूचना : योग्य पर्याय नेहमी सर्वांत लांब लिहिला जातो आणि शिकणारे तो लांबीवरूनच ओळखतात. सर्व पर्याय सारख्या लांबीचे ठेवावेत.

खरी प्रकरणे वापरताना केवळ नाव बदलून भागत नाही. विभाग, पद, वर्ष, लिंग आणि घटनेचा क्रम यांपैकी पुरेसे तपशील बदलावेत आणि मग त्या आस्थापनेतील एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला ते वाचायला द्यावे. त्याने माणूस ओळखला तर प्रकरण पुन्हा लिहावे. छळाच्या प्रकरणांत याहूनही काटेकोर राहावे आणि पाठाच्या सुरुवातीलाच विषय काय आहे ते सांगून, नको असेल त्याला तो भाग सोडून पुढे जाण्याची वाट द्यावी.

सुलभतेची कामे लिहितानाच उरकावीत, शेवटी ठेवल्यास ती होत नाहीत. प्रत्येक व्हिडिओला उपशीर्षके, प्रत्येक ध्वनिफितीसोबत लिखित प्रत, प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन. नोटिशीचा नमुना छायाचित्राच्या रूपात टाकला तर पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही, म्हणून मजकूर टंकलिखित द्यावा. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, मध्यम पातळीसाठी साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेद किमान ४.५ : १ इतका सांगितला आहे. फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन तिथे टिकत नाही, आणि रात्रपाळीनंतर थकलेल्या डोळ्यांपुढेही टिकत नाही.

तपासणी : पाठाच्या तळाशी ‘शेवटची तपासणी’ अशी तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहिले आहे का? नसेल तर पाठ प्रकाशित करू नका.

पायरी ६ : आता मंच निवडा

आराखडा हाती असल्यामुळे ही निवड आता सोपी होते. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारी मूडलसारखी मुक्तस्रोत प्रणाली संघटनेला स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, आणि प्रसंगावर आधारित प्रश्नांसाठी एचफाइव्हपीसारखे मुक्त साधन त्यात जोडता येते. तयार सेवा विकत घ्यायची असेल तर विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत : माहिती कोणाच्या मालकीची, ती कोणत्या देशात साठवली जाते, करार संपल्यावर सर्व पाठ आणि नोंदी आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळतील, आणि आमच्याशिवाय ती कोण पाहू शकते.

शेवटचा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारायचा नाही. कोण संघटनेचा सभासद आहे ही माहितीच अनेक ठिकाणी माणसाला धोक्यात घालू शकते. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीतील कलम ९ मध्ये कामगार संघटनेचे सदस्यत्व हे आरोग्य आणि धर्माप्रमाणेच विशेष संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे ते याच कारणाने. म्हणून नावनोंदणीत नाव, संपर्क आणि विभाग यांपलीकडे काही मागू नये, आणि तुकडी संपल्यावर चर्चेतील प्रकरणे किती दिवसांत पुसली जातील ते आधीच जाहीर करावे.

इशारा : चर्चा सोयीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हलवण्याचा मोह होतो. तिथे प्रत्येकाचा फोन नंबर सर्वांना दिसतो आणि संदेश सहज पुढे जातात. वेळापत्रकाच्या सूचनांसाठी ग्रुप वापरा, प्रकरणांसाठी नव्हे.

पायरी ७ : मार्गदर्शक तयार करा आणि त्यांचा वेळ मोजा

मार्गदर्शकाविना चाललेला अभ्यासक्रम प्रतिनिधींसाठी निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गटात पंधरा ते अठरा जण असावेत. अठरा जणांच्या साप्ताहिक कृतीवर प्रत्येकी पंधरा मिनिटे दिली तर साडेचार तास होतात. त्यात थेट बैठक आणि गळणाऱ्यांना फोन मिळवले की आठवड्याचे सात तास सहज जातात. हा वेळ ज्या कार्यकर्त्याला संघटना देऊ शकत नाही, त्याला मार्गदर्शक नेमू नये, तो कितीही अनुभवी असला तरी.

चांगला वक्ता ऑनलाइन चर्चेत चांगला मार्गदर्शक ठरेलच असे नाही. उलट, अनुभवी नेता पहिल्याच प्रश्नाला परिपूर्ण उत्तर देतो आणि त्यानंतर कोणी बोलत नाही. मार्गदर्शकांना दोन सवयी लावाव्यात : पहिले उत्तर गटातून येऊ द्यावे, आणि स्वतः लिहिताना कोणाच्या तरी मुद्द्याचे नाव घेऊन पुढचा प्रश्न विचारावा. वैयक्तिक कृतीवर मात्र दोन दिवसांत उत्तर गेलेच पाहिजे, कारण आपल्या विभागात धाडस करून तिघांशी बोललेल्या नव्या प्रतिनिधीला त्यानंतरची शांतता फार जिव्हारी लागते.

थेट बैठक आठवड्यातून एकच, तास-सव्वा तासाची, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यास तीच बैठक दोन वेळा घ्यावी. बैठकीत व्याख्यान देऊ नये. तिघातिघांचे गट करून एकाने सभासद, एकाने प्रतिनिधी आणि एकाने निरीक्षक व्हावे, दहा मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. व्यवस्थापनापुढे बोलण्याचा सराव ऑनलाइन होण्याची ही एकच खात्रीची जागा आहे.

पायरी ८ : छोट्या तुकडीवर चाचणी घ्या

आठ जण पुरतात, पण ते निवडून घ्यावेत : एक रात्रपाळीचा, एक ज्येष्ठ, एक नुकताच निवडून आलेला, एक जुना फोन वापरणारा, आणि शक्य असल्यास पडदा-वाचक वापरणारा एक. कार्यालयातले कर्मचारी यात घेऊ नयेत, त्यांना सगळे आधीच ठाऊक असते. पहिल्या पाठासाठी प्रत्येकाच्या शेजारी बसावे आणि तो अडला तरी मदत करू नये. कुठे अडला तेवढे लिहावे. पासवर्ड विसरणे, बटण न दिसणे, ‘पुढे’ दाबल्यावर लिहिलेले पुसले जाणे अशा गोष्टींनीच बहुतेक लोक पहिल्या दिवशी सुटतात. प्रत्येक पाठाला खरोखर किती वेळ लागला तेही टिपावे. तुमच्या अंदाजाच्या दीडपट वेळ लागत असेल, तर मजकूर कापावा. मिळालेले अठरा तास वाढणार नाहीत.

पायरी ९ : तुकडी सुरू करा

अभ्यासक्रमाच्या आधी एक ‘शून्य आठवडा’ ठेवावा. त्यात लॉगिन करणे, स्वतःची ओळख दोन ओळींत लिहिणे आणि एक ध्वनिफीत ऐकणे, एवढेच. ज्याने हे केले नाही त्याला शून्य आठवडा संपण्यापूर्वी फोन जावा, ईमेल नव्हे. तसाच फोन पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात न दिसलेल्यांनाही जावा आणि प्रश्न ‘अभ्यास का केला नाही’ असा नसून ‘वेळ मिळाला का’ असा असावा. वेळ नाकारला गेला असेल तर पायरी २ मधले पत्र काढून त्याच दिवशी व्यवस्थापनाशी बोलावे. पहिल्या नकाराकडे डोळेझाक झाली की बाकीच्यांचीही मोकळीक हळूहळू जाते.

पायरी १० : तीन महिन्यांनी मोजा आणि दुरुस्त करा

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी मांडलेल्या चार पातळ्या सोयीच्या आहेत : शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले, आणि त्याचा परिणाम काय झाला. बहुतेक संघटना पहिल्या पातळीवर, म्हणजे अभिप्रायाच्या फॉर्मवर थांबतात. तीन महिन्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रतिनिधीच्या पातळीवर किती तक्रारी नोंदल्या गेल्या, त्या नोंदींत तक्त्यातील सातही बाबी आहेत का, आणि कार्यालयाकडे पाठवलेली प्रकरणे मुदतीच्या आत आली का. तक्रारींची संख्या वाढली तर घाबरू नये. पूर्वी त्या बोलल्याच जात नव्हत्या, हे त्याचे बहुधा कारण असते.

पुढच्या तुकडीसाठी या तुकडीतील दोघा-तिघांना सहमार्गदर्शक म्हणून घ्यावे आणि त्यांच्या प्रसंगांवरून नवे प्रश्न लिहावेत. पाठांची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. कायदा किंवा करार मध्येच बदलला तर सहा महिन्यांची वाट न पाहता तो पाठ त्याच दिवशी बंद करावा, दुरुस्त पाठ तयार होईपर्यंत तिथे एका परिच्छेदाची सूचना ठेवावी, आणि आधीच्या सर्व तुकड्यांतील प्रतिनिधींना काय बदलले ते कळवावे, कारण जुन्या मुदतीचा कागद अजूनही त्यांच्या खिशात असतो.